‘गांजाने मिरगी बरी’ या बातमीमागचा इतिहास

‘गांजाच्या तेलाने मिरगी बरी होते’ असा मजकूर मोबाइलवर आला की नांदेड-परभणीकडचे आईबाप लेकरासाठी बाटली शोधू लागतात. त्याच आठवड्यात पेपरात कपाशीत लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटल्याची बातमी असते. दोन्हीकडे शब्द एकच, म्हणून घोळ वाढतो.

1839 साली कलकत्त्यात डॉ. ओ’शॉनेसी यांनी गांजाचा अर्क आधी जनावरांना आणि मग संधिवात, धनुर्वात, कॉलऱ्याच्या रुग्णांना दिला. एका तान्ह्या बाळाची आकडीही त्याने थांबल्याचं त्यांनी नोंदवलं. युरोपातल्या दवाखान्यांनी हे औषध उचललं, पण टिकवलं नाही. एका बाटलीतला अर्क कडक, दुसऱ्या बाटलीतला फिका. मात्रा बसवायची कशी? शिवाय तो पाण्यात विरघळत नसल्याने सुईने देता येईना. आतलं नशा आणणारं टीएचसी वेगळं काढायला 1964 उजाडलं. आजच्या मिरगीच्या बातम्या मात्र सीबीडी या दुसऱ्या, नशा न आणणाऱ्या घटकाच्या असतात.

या बातम्यांचं मूळ 2017 च्या एका चाचणीत आहे. ड्रावे सिंड्रोम हा मिरगीचा दुर्मीळ, हट्टी आजार असलेली 120 मुलं त्यात होती. सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याचे झटके साधारण 12 वरून 6 वर आले. औषध नसलेलं, नुसतं दिसायला तसंच द्रव घेणाऱ्यांचे 15 वरून 14 वर. निम्मे झाले, बहुतेकांचे थांबले नाहीत. तरीही त्या घरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. 2018 मध्ये अमेरिकेने ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या मिरगीच्या दोन दुर्मीळ आजारांसाठी हे औषध मंजूर केलं. सरसकट मिरगीसाठी नाही.

डिसेंबर 2020 मध्ये ‘संयुक्त राष्ट्रांनी गांजाला औषध मानलं’ असे मथळे आले. प्रत्यक्षात तो सर्वांत कडक यादीतून निघाला, नियंत्रण राहिलं. भारतानेही बाजूने मत दिलं, पण 1985 चा अमली पदार्थ कायदा तसाच आहे.

चाचणीतली मात्रा किलोमागे रोज 20 मिलिग्रॅम होती, म्हणजे वीस किलोच्या लेकराला 400. म्हणून बाटली हातात आली की आधी बघायचं ते सीबीडी किती मिलिग्रॅम आणि टीएचसी किती. लेकराला व्हॅल्प्रोएट हे मिरगीचं नेहमीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं: चाचणीत यकृताच्या तपासणीचे आकडे वाढले ते मुख्यतः याच औषधासोबत.