घरच्या घरी गाडीचा एक्झॉस्ट बनवणे (सोलापूर)

गाडीचा मूळ सायलेन्सर सडला, फुटला किंवा मालकाला त्याचा आवाजच आवडेनासा झाला की पाईप, बेंड आणि मफलर (आवाज कमी करणारा डबा) सुटे आणून अख्खी लाईन स्वतः जुळवायची आणि वेल्ड करायची, याला कस्टम एक्झॉस्ट म्हणतात. सोलापुरात हे काम घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर सरळ अंगणात चालतं, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीमुळे फॅब्रिकेशन येणारं कुणी ना कुणी ओळखीत असतंच आणि सिंगल फेजवर चालणारी छोटी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनही आता सहज मिळते.

इंजिनपासून मागे निघालं की आधी मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एका नळीत गोळा करणारा), मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं विष कमी करणारा), मग रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा), मफलर आणि शेवटी टेलपाईप. घरी करायचं ते कन्व्हर्टरच्या मागचं. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे धातू असतात, तो काढून नुसती नळी टाकली की विषारी धूर जसाच्या तसा बाहेर पडतो, पीयूसीत गाडी अडकते आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो तो वेगळाच.

पाईप निवडताना सगळ्यात जास्त घोळ होतो. बाल्कनीच्या रेलिंगचा उरलेला चकाकता पाईप बघितला की हात शिवशिवतात, पण तो बऱ्याचदा २०२ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा असतो, त्यात निकेल कमी असतं आणि एक्झॉस्टमधल्या उष्णतेत आणि ओलाव्यात तो ३०४ ग्रेडइतका टिकत नाही. चुंबक लावून ओळखतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, चुंबक २०२ लाही चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही, उलट कंपन्या वापरतात ते ४०९ स्टेनलेस असूनही त्याला चिकटतं. बजेट कमी असेल तर दीड मिमी जाडीचा साधा एमएस (माइल्ड स्टील) पाईप परवडला, चार-पाच वर्षांनी गंजेल एवढंच. नळाचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाईप मात्र अजिबात नको, वेल्ड करताना त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि त्यावर दूध प्यायचा जो सल्ला सगळे देतात त्याने काही होत नाही.

जाडा पाईप म्हणजे जास्त पॉवर ही समजूत तर काही केल्या जात नाही. २ इंचाचा पाईप अडीच इंच केला की आतली जागा दीडपटीहून जास्त होते, १२०० सीसीच्या गाडीत एवढा धूरच नसतो, मग वायूचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला गाडी मठ्ठ होते आणि पुणे-हैदराबाद हायवेला एका ठराविक स्पीडला केबिनमध्ये असा घुमारा धरतो की डोकं उठतं. छोट्या इंजिनला मूळ मापाच्या जेमतेम पाव इंच वर जावं, बस. मफलरही पूर्ण कप्प्यांचा नको असेल तर जाळीची नळी आणि भोवती काचलोकर असलेला सरळ घ्यावा, पण रेझोनेटर काढू नये, तो घुमाराच मारायला असतो.

खरं काम वेल्डिंगचं नाहीच, जुळवणीचं आहे. गाडी नुसत्या जॅकवर नाही, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यायची, जुनी लाईन एकसंध उतरवून जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावरूनच माप घ्यायचं. मँड्रेल बेंड (आत दांडा घालून वाकवलेला) घ्यावा, प्रेसवर वाकवलेला पाईप वळणावर चपटा होतो. तुकडे गाडीखालीच हँगरला अडकवून प्रत्येक सांध्याला तीन-चार ठिकाणी टाके (ठिपक्याएवढे वेल्ड) मारायचे, सगळं नीट बसलं की बाहेर काढून अंगणात पूर्ण वेल्ड करायचं. सांध्यात नखभर फट राहिली तरी पातळ पाईपला भोक पडतं, मग त्या भोकावर मटेरियल टाकत बसायचं, म्हणून ग्राइंडरवर वेळ गेला तरी चालेल. फ्लँज (बोल्टने जोडायची सांध्याची चकती) वेल्ड करताना तो जाड प्लेटला बोल्टने कसून ठेवावा, नाहीतर तापून वाकतो आणि कितीही गॅस्केट बदला, फुसफुस बंद होत नाही.

दीड मिमीला आर्क वेल्डिंग जमतं, पण २ मिमीचा रॉड आणि कमी अँपिअर लागतं. ०.८ मिमी वायरचं मिग (मशीनमधून वायर आपोआप सुटत राहते ते वेल्डिंग) सोपं. ३०४ ला टिग (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉन वायूत केलेलं वेल्डिंग) उत्तम, फिलर (सांध्यात वितळवायची तार) ३०८एल, आणि ३०४ एमएसला जोडायचं असेल तर ३०९एल. टिग करताना पाईपच्या आतूनही आर्गॉन सोडावा लागतो, नाहीतर आतल्या बाजूला साखरेसारखा काळा खरखरीत थर धरतो आणि सांधा तिथूनच तडकतो. स्टेनलेसच्या धुरात घातक क्रोमियम असतं, तेव्हा बंद शेडमध्ये नको. गाडीखाली टाके मारायच्या आधी बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या लाईनी ओल्या गोणपाटाने झाकायच्या. मे महिन्यात दुपारी हे काम करणाऱ्याला सोलापुरी माणूस म्हणावं की वेडा, ते ज्याने त्याने ठरवावं.

३०४ चा २ मीटर पाईप ३०० अंशांनी तापला की जवळजवळ १० मिमी लांब होतो, वर इंजिन हलतं, म्हणून पुढे फ्लेक्स पाईप (लवचिक नळी) आणि मागे रबरी हँगर हवेतच. लाईन बॉडीला कडक जोडली की वेल्ड तुटणारच. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं, कमी अंतराच्या फेऱ्यांत ते मफलरमध्ये साचून आतून गंज लावतं, त्यामुळे मफलरच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं भोक ठेवतात.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९०(२) नुसार आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसनवरही गदा, तेव्हा एमएच-१३ च्या पोरांनी फटाके फोडणारा सायलेन्सर लावून सात रस्त्याला मिरवू नये.

बसवून झाल्यावर थंड इंजिन चालू करून टेलपाईपवर क्षणभर चिंधी दाबायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे आले तिथे गळती. ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) पुढे, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो जास्त पेट्रोल सोडतो, मग अॅव्हरेज का पडलं म्हणून माणूस प्लग बदलत बसतो. शे-दोनशे किलोमीटर चालवून फ्लँजचे बोल्ट पुन्हा एकदा कसायचे.