पत्रकार-प्रशिक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य : गोवा

एका देशातील पत्रकारांना दुसऱ्या देशातील संस्था, अध्यापक वा निधी यांच्या साहाय्याने व्यावसायिक शिक्षण देण्याची व्यवस्था. पाठ्यवृत्त्या, अल्पमुदतीचे वर्ग, अतिथी अध्यापक व अभ्यासक्रमांची देवघेव ही तिची प्रचलित रूपे.

गोव्यापुरते पाहता या व्यवस्थेचा आरंभ १५५६ पर्यंत मागे नेण्याचा मोह होतो. ॲबिसिनियासाठी (आजचा इथिओपिया) निघालेले छापयंत्र त्या वर्षी गोव्यात उतरले आणि जुने गोवे येथील सेंट पॉल कॉलेजात बसवले गेले. ते चालवणारा जुआन दे बुस्तामांते हा जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य. त्याच्यासोबत मुद्रणकला अवगत असलेला एक भारतीयही पोर्तुगालहून आल्याचा उल्लेख समकालीन जेझुइट पत्रव्यवहारात आढळतो. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या मुद्रणेतिहासात (१९५८) या साधनांची चिकित्सा केली आहे. या भारतीयाचे नाव इतिहासाने राखले नाही, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. परदेशात छपाई शिकून आलेला, नोंद झालेला बहुधा तो पहिलाच भारतीय कारागीर. तथापि हे मुद्रकाचे शिक्षण होते, बातमीदाराचे नव्हे. गोव्यातील पहिले नियतकालिक ‘गॅझेटा द गोवा’ निघायला पुढे १८२१ साल उजाडले. त्यामुळे १५५६ हे वर्ष पूर्वपीठिका मानणेच सयुक्तिक होय.

भारतातील पत्रकारिता-शिक्षणाच्या आरंभाविषयीही एकमत नाही. कोणी ॲनी बेझंट यांच्या अड्यार येथील उपक्रमापासून (सु. १९२०), कोणी अलीगढच्या अल्पायुषी वर्गापासून (१९३८), तर कोणी लाहोरच्या पंजाब विद्यापीठातील विभागापासून (१९४१) गणना करतात. सलग चाललेला म्हणून लाहोरचा दावा अधिक बळकट ठरतो. मात्र परदेशी सहकार्य हीच कसोटी लावली, तर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातील विभागाला अग्रस्थान द्यावे लागते. १९५०-६० या दशकाच्या प्रारंभी फुलब्राइट या अमेरिकी पाठ्यवृत्ती योजनेखाली आलेले सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्रा. रोलंड वूल्सली यांच्या मार्गदर्शनाखाली तो उभा राहिला.

पुढील काळात हे सहकार्य शीतयुद्धाच्या दोन्ही गोटांतून वाढले. पत्रकारांना प्रशिक्षण देणारे लंडनचे थॉमसन फाउंडेशन १९६२ मध्ये स्थापन झाले. पूर्व बर्लिनमध्येही आशिया-आफ्रिकेतील पत्रकारांसाठी वर्ग चालत. युनेस्को व फोर्ड फाउंडेशन यांच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था सुरू झाली (१९६५). १९६९ पासून ती विकसनशील देशांतील पत्रकारांना शिकवू लागली, आणि साहाय्य घेणारा भारत साहाय्य देणाराही झाला. युनेस्कोचा संज्ञापन-विकास कार्यक्रम १९८० चा, तर पत्रकारितेचे नमुना अभ्यासक्रम २००७ चे. हे नमुने पाश्चात्त्य वृत्तव्यवहारावर बेतलेले आहेत, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीची सेन्सॉरशिप होती. छापण्यापूर्वी मजकूर तपासून घ्यावा लागे. मुक्तीनंतर ‘गोमन्तक’ (१९६२) व ‘नवप्रभा’ (१९७०) ही मराठी दैनिके निघाली. १९०० पासून पोर्तुगीजमध्ये निघणारे ‘ओ हेराल्दो’ १९८३ मध्ये इंग्रजी झाले. परदेशी शिष्यवृत्तीचे ठळक उदाहरण व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचे. पोर्तुगालमधील गुलबेंकियन फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर ते लिस्बनला गेले आणि नंतर काही वर्षे लंडनमध्ये राहिले. परदेशी पाठ्यवृत्त्यांचा व्यवहार मुख्यतः इंग्रजीत चालतो. सांगे वा काणकोण येथून मराठीत बातमी धाडणारा तालुका वार्ताहर त्यांच्या कक्षेत क्वचितच येतो. त्याचे शिक्षण उपसंपादकाच्या टेबलाशी होते, आणि गोव्यातील बरीचशी मराठी बातमीदारी अशाच वार्ताहरांच्या खांद्यावर उभी आहे.

पोर्तुगालशी सहकार्याची गोव्याला असलेली गरज मात्र अगदी वेगळी आहे. जमीन रूपांतराची बातमी करणाऱ्याला एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या हक्कांची नोंद) सहज वाचता येतो. वाद जुन्या काळापर्यंत मागे गेला की मात्रिज (मालमत्ता-कराची नोंदवही), कोमुनिदाद या ग्रामसंस्थांच्या नोंदी, जुनी खरेदीखते हाती येतात, आणि ती पोर्तुगीजमध्ये असतात. कौटुंबिक मालमत्तेचे वाद १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपाशी पोचतात. कागद वाचता येत नसल्यास वार्ताहराला पक्षकाराच्या वकिलाने सांगितलेल्या अर्थावर विसंबावे लागते. म्हणजे ज्याची तपासणी करायची त्याच्याच बाजूकडून पुरावा समजून घ्यायचा. १९७४ अखेरच्या करारानंतर भारत-पोर्तुगाल संबंध पूर्ववत झाले. आज गोवा विद्यापीठ, पणजीतील फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आणि कामोंइश हे पोर्तुगीज भाषा-केंद्र यांच्याद्वारे भाषेच्या प्रसाराला पोर्तुगीज साहाय्य मिळते. या शिक्षणाचा भर भाषा, साहित्य व संस्कृती यांवर आहे. बातमीदाराच्या उपयोगाचे भाग, म्हणजे नोतारीचे (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याचे) वळणदार हस्ताक्षर, जमिनीच्या चतुःसीमा लिहिण्याची पद्धत व रूढ संक्षेप, हे त्याला जुन्या वकिलांकडून किंवा पुराभिलेख खात्यातील जाणकारांकडून उचलावे लागतात.