क्रॉस-कंट्री शर्यत दीड तासाची कशी झाली

इंदूरहून माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत, म्हणजे कच्च्या चढ-उताराच्या वाटेवर ठरावीक फेऱ्या मारण्याच्या शर्यतीत, उतरू पाहणारी मुले बहुधा रस्त्यावरच्या सायकलिंगमधून आलेली असतात, आणि म्हणून त्यांची तयारीही किलोमीटरमध्ये मोजली जाते. सिमरोलवरून भेरूघाट उतरून चोरलपर्यंत जायचे आणि तोच घाट चढून परत यायचे, हा त्यांचा ठरलेला सराव असतो. त्याने दम वाढतो, हे खरेच. परंतु ही शर्यत आज ज्या स्वरूपात होते, त्यात एकूण अंतरापेक्षा सुरुवातीची दोन-तीन मिनिटे आणि एकाच छोट्या फेरीतले तेच ते चढ-उतार अधिक निर्णायक ठरतात. हे असे का झाले, ते या खेळाच्या जवळपास पन्नास वर्षांच्या वाटचालीत पाहायला हवे.

खेळाची सुरुवात उतारावर झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, माउंट तामालपायसच्या परिसरात, काही तरुण जाड टायरच्या श्विन कंपनीच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या वाटेने भरधाव खाली येत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी घड्याळ लावून ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत घेतली. साधारण साडेतीन किलोमीटरमध्ये वाट सुमारे ४०० मीटर खाली उतरत होती. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, असे आणि पेडल उलटे दाबल्यावर तो लागत असे. पायथ्याशी पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुढच्या खेपेआधी तो उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागायचे.

वर जाण्याची मात्र अडचण होती. सायकल जड आणि गियर एकच, त्यामुळे ती ढकलत न्यावी लागे किंवा पिकअप ट्रकमध्ये टाकावी लागे. गॅरी फिशर आणि त्याच्या साथीदारांनी या सायकलींना गियर बसवले, तेव्हा पेडल मारत डोंगर चढणे शक्य झाले. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास अशा वाटांसाठी नवी फ्रेम घडवली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइझ्ड कंपनीची स्टम्पजम्पर बाजारात आली. माझ्या मते क्रॉस-कंट्रीचा खरा जन्म रीपॅकच्या उतारावर नव्हे, तर या गियरमध्ये झाला. ज्याला उतरायचे आहे त्याने स्वतःच्या पायांनी चढावे, हा दंडक तेव्हापासून या प्रकाराला लागू झाला आणि नुसत्या उताराची डाउनहिल शर्यत वेगळी होत गेली.

१९८३ मध्ये अमेरिकेत या खेळासाठी स्वतंत्र संघटना उभी राहिली. १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरँगो येथे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाची माउंटन बाइकची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि तिथे क्रॉस-कंट्रीत नेड ओव्हरएंड आणि जूली फुर्ताडो विजयी झाले. पुढच्याच वर्षी विश्वचषक मालिका सुरू झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला. पुरुषांत नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंत्येन्स आणि महिलांत इटलीची पाओला पेत्सो यांनी सुवर्णपदके मिळवली. ब्रेंत्येन्सला ती शर्यत पूर्ण करायला सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागला होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने तेच सुवर्ण साधारण १ तास २६ मिनिटांत जिंकले.

हा फरक केवळ वेग वाढल्याचा नाही. दूरवर पसरलेल्या जंगलवाटेवर प्रेक्षक आणि कॅमेरा दोघांनाही स्पर्धक क्षणभरच दिसतो. म्हणून फेऱ्या लहान होत गेल्या आणि त्यांत दगडांचे टप्पे व उड्या मुद्दाम बांधल्या जाऊ लागल्या. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकसाठी हॅडली फार्म येथे जवळपास उघड्या टेकडीवर आखलेली वाट हे याचे ठळक उदाहरण आहे. आज फेरी साधारण ४ ते ६ किलोमीटरची आणि अव्वल गटाची शर्यत ८० ते १०० मिनिटांची असते. लांब पल्ल्याची हौस असणाऱ्यांसाठी मॅरेथॉन हा निराळा प्रकार आहे, आणि त्याची जागतिक स्पर्धा २००३ पासून होते.

फेरी लहान झाल्याचे परिणाम खोलवर गेले. अरुंद वाटेवर पुढच्याला ओलांडणे कठीण, म्हणून सुरुवातीला कोणत्या रांगेत उभे राहायला मिळते याला महत्त्व आले. २०१८ पासून विश्वचषकात सुमारे २० मिनिटांची शॉर्ट ट्रॅक शर्यत आधी होते आणि तिच्या निकालावरून मुख्य शर्यतीतल्या पुढच्या रांगा ठरतात. मागे पडलेले स्पर्धक आघाडीच्या वाटेत येऊ नयेत, यासाठी ८० टक्क्यांचा नियमही आहे: आघाडीवीराच्या पहिल्या फेरीच्या वेळेच्या ८० टक्क्यांइतके मागे पडले की थांबावे लागते. आघाडीच्या स्पर्धकाने पहिली फेरी १२ मिनिटांत केली असेल, तर साडेनऊ मिनिटांच्या आसपास मागे पडणाऱ्याला बाहेर काढले जाते. नवख्या मुलांना हा नियम फार लागतो, कारण शर्यत पूर्ण करण्याची ताकद असूनही त्यांना थांबावे लागते. दुरुस्तीचे नियमही बदलले. सुरुवातीच्या काळात बाहेरची मदत निषिद्ध होती आणि पंक्चर स्वतःच काढावे लागे. आता ठरावीक जागी चाक बदलून मिळते, आणि पॅरिसमध्ये पिडकॉक पुढचे चाक पंक्चर होऊनही जिंकला, तो त्यामुळेच.

भारतात या खेळाची ओळख प्रामुख्याने हिमालयातल्या अनेक दिवसांच्या शर्यतींमधून झाली, आणि त्यामुळे माउंटन बाइक म्हणजे लांब पल्ला, ही समजूत आपल्याकडे पक्की झाली असावी. फेऱ्यांच्या क्रॉस-कंट्रीची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा मात्र २०२३ मध्ये केरळमधील पोनमुडी येथे झाली.

इंदूरच्या बाबतीत भूगोलही वेगळा आहे. शहर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि दक्षिणेला विंध्याची कड निमाडच्या बाजूला एकदम खाली कोसळते. म्हणजे इथला सायकलपटू ताज्या पायांनी उतरतो आणि थकल्यावर चढतो. शर्यतीत मात्र बहुधा पहिल्याच मिनिटाला चढ समोर येतो. त्या दृष्टीने महूपलीकडचा जानापाव, किंवा पाताळपाणीच्या आसपासची मुरुमाची, कातळाची चढ-उतारांची जमीन अधिक उपयोगाची आहे. राळामंडळची टेकडी शहराला सर्वांत जवळची, पण ते अभयारण्य असल्याने वनखात्याच्या परवानगीवाचून तिथे शर्यतीची फेरी आखता येत नाही. ऋतूचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटून, चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीत इतकी घट्ट बसते की चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून चार-पाच किलोमीटरची फेरी आखून तीच पुन:पुन्हा घड्याळ लावून मारण्याचा सराव इथे दसऱ्यानंतर, जमीन वाळली की सुरू करणे श्रेयस्कर.