सांगोमा कोण, इन्यांगा कोण?

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांबद्दल मराठीत काही वाचायला घेतलं की त्यात एक 'मांत्रिक' हमखास भेटतो. इंग्रजीतल्या 'विच डॉक्टर'चा हा मराठी अवतार. त्या एका शब्दात दोन निरनिराळी माणसं कोंबलेली असतात: झाडपाल्याची औषधं देणारा इन्यांगा आणि पूर्वजांच्या मदतीने अडचण ओळखणारी सांगोमा. आपल्याकडे वैदू आणि भगत यांना कुणी एकच समजलं तर गावातलं पोरही हसेल, तसंच हे.

इन्यांगाचं सोपं आहे. तो झाडपाल्याचा जाणकार, बहुधा पुरुष. विद्या बापाकडून किंवा गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबून मिळवलेली. झुलूत 'उमुथी' म्हणजे झाड, आणि औषधालाही तोच शब्द. डर्बनच्या वॉरविक जंक्शनच्या बाजारात साली, मुळ्या, कंद यांचे ढीग मांडलेले दिसतात. 'इसिभाहा' या झाडाची तिखट साल सर्दी-खोकल्यावर इतकी खपते, की सोलून सोलून रानातली झाडं दुर्मिळ झाली आहेत.

सांगोमा व्हायचं मात्र कुणी ठरवत नाही. आधी दुखणं येतं: अंग मोडून येतं, झोप उडते, स्वप्नं पिच्छा सोडत नाहीत. मग एखादी जाणती सांगोमा निदान करते की 'अमाड्लोझी', म्हणजे पूर्वज, बोलावताहेत. नाही म्हटलं तर दुखणं बळावतं, असं मानतात. हो म्हटलं की 'उकुथ्वासा', म्हणजे सांगोमा होण्याची दीक्षा, सुरू होतो. गुरूच्या घरी महिनोन्महिने राहायचं, ढोलाच्या तालावर नाचायचं, 'इम्पेफो' या वनस्पतीचा धूर करून पूर्वजांना हाक घालायची. शेवटी लपवलेली वस्तू शोधून दाखवायची परीक्षा. या वाटेला बायका जास्त.

सांगोमाकडे आलेल्या माणसाने आपली अडचण सांगायची नसते. ती सांगोमाने ओळखायची. चटईवर हाडं, शिंपले पडतात. ती एकेक वाक्य टाकते, समोरचे 'सियावुमा', म्हणजे 'मान्य आहे', म्हणतात. वाक्य वर्मी लागलं तर आवाज चढतो, नाही तर नुसता पुटपुट. बाहेरच्याला यात चलाख अंदाजबाजी दिसेल, आणि ती अजिबात नसते असं मीही म्हणणार नाही. पण घरातलं न बोललेलं भांडण त्या सवाल-जबाबात चारचौघांत बाहेर येतं, हे काम काही थोडं नाही.

आता गुंता. सांगोमाही मुळ्या देते, इन्यांगाही पूर्वजांना विचारल्याशिवाय मोठं औषध काढत नाही. शिवाय शब्दही पूर्वी इतके वेगळे नव्हते. हेन्री कॅलवे या मिशनऱ्याने 1870च्या सुमारास झुलूंच्या तोंडून लिहून घेतलेल्या हकिकतींत भविष्य पाहणाराही 'इन्यांगा'च आहे. 'इन्यांगा' म्हणजे मुळात आपल्या कामात तरबेज माणूस. लोहारसुद्धा लोखंडाचा इन्यांगा.

मधली भिंत पक्की केली ती कायद्याने. डर्बन ज्या ब्रिटिश वसाहतीत होतं, त्या 'नाताळ'च्या 1891च्या संहितेने इन्यांगांना परवाने दिले आणि सांगोमांवर बंदी घातली. पानं-मुळ्या गोऱ्या साहेबाला समजत होत्या. पूर्वजांचं बोलावणं समजत नव्हतं. साहजिकच अनेकांनी स्वतःला इन्यांगा म्हणवून घेतलं असेल. दक्षिण आफ्रिकेच्या 2007च्या कायद्याने मात्र दोघांनाही, सुइणी आणि सुंता करणाऱ्यांसह, 'पारंपरिक आरोग्य व्यावसायिक' ठरवून एकाच नोंदवहीत बसवलं.

तरीही कोण कुठला हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: हे सोडून देता आलं असतं का? इन्यांगाचा मुलगा बँकेत नोकरी धरू शकतो. सांगोमाकडे तो पर्याय नसतो, असं ती मानते. 2007 मध्ये स्वयंपाकघरात नोकरी करणाऱ्या एका बाईने उकुथ्वासासाठी महिनाभराची बिनपगारी रजा मागितली. मालकाने आठवडाच देऊ केला. ती पारंपरिक वैद्याचा दाखला ठेवून गेली आणि नोकरी गमावून बसली. प्रकरण सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेलं. 2013 मध्ये तिथेही मालक हरला, आणि तिला कामावर परत घेण्याचा आदेश कायम राहिला.