चुनखडी की डोलोमाइट? क्ष-किरणांना विचारा

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला घटप्रभा नदी वालुकाश्मावरून कोसळते. तिथून यादवाड, लोकापूरकडे निघालात की दगड बदलतो, चुनखडी आणि डोलोमाइट लागतात. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेल्या कलादगी खोऱ्यातले हे थर. दिसायला दोन्ही राखाडी. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की चुनखडी लगेच फसफसते. डोलोमाइट ढिम्म, त्याची पूड केली तरच बुडबुडे येतात.

सिमेंटवाल्यांना हा फरक महागात पडतो. शुद्ध डोलोमाइटमध्ये वजनाने सुमारे 22 टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड असतं आणि साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये भारतीय मानकाप्रमाणे ते 6 टक्क्यांच्या वर चालत नाही. जास्त झालं तर भिंत उभी राहिल्यावर ते सावकाश पाणी घेऊन फुगतं आणि तडे जातात.

रासायनिक तपासणीत मॅग्नेशियम किती ते कळतं. ते स्फटिकात कुठे बसलंय, हे सांगायला क्ष-किरण लागतात. अणूंच्या थरांमधलं अंतर जितकं कमी, तितक्या मोठ्या कोनात किरण परततात. ज्या कोनाला जास्त किरण परततात, तिथे आलेखावर शिखर उठतं. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी 1914 साली याच रीतीने कॅल्साइटची, म्हणजे चुनखडीतल्या मुख्य खनिजाची, रचना उलगडली. पुढच्याच वर्षी, पंचविशीत, वडिलांसोबत नोबेल. तांब्याच्या नळीतले क्ष-किरण वापरले तर कॅल्साइटचं मुख्य शिखर 29.4 अंशांवर येतं, डोलोमाइटचं 31 च्या जवळ. थरांतलं अंतर 3.035 अँगस्ट्रॉमवरून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) 2.886 वर आलेलं असतं, कारण मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, कॅल्शियमपेक्षा लहान.

हलगर्जीपणाला मात्र इथे वाव नाही. पूड साच्यात केसभर वर-खाली बसली की शिखर सरकतं. अशा वेळी चुनखडीतली वाळू कामी येते: तिच्यातल्या क्वार्ट्झचं शिखर 26.64 अंशांवर ठरलेलं, त्यावरून बाकीची दुरुस्त करून घ्यायची. आणि दळायचं तेही बेतानं! यंत्रात तासन्‌तास दळलेल्या कॅल्साइटचा काही भाग ॲरागोनाइट होतो, रसायन तेच पण स्फटिकाची रचना वेगळी, म्हणजे मोजायला घेतलेली वस्तूच बदलते.

मला खरी गंमत वाटते ती 35.3 अंशांवरच्या एका फिक्या शिखराची. डोलोमाइटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थर एकाआड एक असतात, बेळगावातल्या वडगावच्या मागावर बाण्यात, म्हणजे आडव्या विणीत, दोन रंगांचे धागे आळीपाळीने टाकावेत तसे. हा क्रम पाळला असेल तरच ते शिखर उठतं. तेवढंच मॅग्नेशियम, पण कसंही विखुरलेलं, तर शिखर गायब. म्हणून त्याची उंची 37.3 अंशांवरच्या, क्रम नसला तरी उठणाऱ्या शेजाऱ्याशी ताडून पाहतात.

क्रम जमवणं निसर्गालाही सोपं नाही. लिंटन लँड या अमेरिकन भूवैज्ञानिकाने 25 अंश सेल्सिअसच्या द्रावणात डोलोमाइटची 32 वर्षं वाट पाहिली. काही तयार झालं नाही. 2023 मध्ये मिशिगन आणि होक्काइडो विद्यापीठांच्या संशोधकांनी द्रावणात ठेवलेल्या डोलोमाइटच्या कणावर इलेक्ट्रॉन झोत दोन तासांत 4,000 वेळा चालू-बंद केला. प्रत्येक वेळी चुकीच्या जागी बसलेले आयन विरघळून निघाले, नीट बसलेले राहिले. डोलोमाइटचे सुमारे 300 थर वाढले. आधीच्या प्रयोगांत पाचाच्या पुढे मजल गेली नव्हती. जुन्या समुद्रांच्या काठी हेच काम पाऊस आणि भरती-ओहोटीने केलं असावं, असं त्यांचं म्हणणं. आज तयार होणाऱ्या कोवळ्या डोलोमाइटमध्ये 35.3 वरचं शिखर बहुधा अशक्तच आढळतं.