रेट्रोकॉझॅलिटी : क्वांटम प्रयोगांतलं उलटं कारण

रेट्रोकॉझॅलिटी म्हणजे नंतरच्या गोष्टीमुळं आधीची गोष्ट घडणं, कारण उद्याचं आणि परिणाम कालचा. कोयनेतून पाणी सोडलं की ते कराडला कृष्णेत येतं आणि काही तासांनी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी चढते, पण पुलावर कुणी पातळी मोजली म्हणून काल धरणातून किती पाणी सुटलं ते बदलत नाही. क्वांटमच्या, म्हणजे अणू आणि प्रकाशकण यांच्या अतिसूक्ष्म जगातल्या, काही प्रयोगांत मात्र असं बदलतंय की काय असं वाटतं.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी 1978 मध्ये प्रश्न मांडला, की फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण दोन वाटांच्या यंत्रात शिरल्यावर आपण ठरवलं, त्याची वाट तपासायची का दोन्ही वाटा एकत्र आणून पट्टे (दोन्ही वाटांच्या लाटा मिसळून होणारे उजेड-अंधाराचे) बघायचे, तर आत शिरताना त्यानं काय केलं म्हणायचं? 2007 मध्ये फ्रान्समध्ये आलँ आस्पे आणि सहकाऱ्यांनी 48 मीटरचं इंटरफेरोमीटर, म्हणजे असंच दोन वाटांचं यंत्र, लावून एकेक फोटॉन सोडला, निवड रँडम नंबरनं, तीही अशी की फोटॉन शिरल्याची खबर प्रकाशाच्या वेगानंसुद्धा तिथं वेळेत पोचू नये. आकडे क्वांटम सिद्धांत सांगतो तसेच आले.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो क्वांटम इरेझरबद्दल. कल्पना स्कली आणि ड्रूल यांची, 1982 ची, आणि किम, शी वगैरेंचा प्रयोग 2000 साली छापून आला. यात फोटॉनची जोडी तयार होते, एक लगेच डिटेक्टरवर पडतो, जोडीदार साधारण 8 नॅनोसेकंद उशिरा दुसरीकडं पोचतो आणि तिथं वाटेची माहिती टिकते किंवा पुसली जाते. व्हिडिओत सांगतात की पुसल्यामुळं आधीच्या फोटॉनचे पट्टे तयार झाले, आणि ते चूक आहे. पहिल्या डिटेक्टरचे सगळे ठिपके एकत्र बघा, पट्टे कधीच दिसत नाहीत, पुसा नाहीतर ठेवा. जोडीदार कुठं सापडला त्यावरून ठिपके वेगळे काढले तरच एका गटात पट्टे दिसतात आणि दुसऱ्या गटात त्याच्या बरोबर उलटे, दोन्ही मिळवले की परत सपाट. तासगावच्या शेडमधला बेदाणा वाळल्यावर निवडून प्रत लावतात, म्हणून निवडणीनं वाळवण बदललं असं कुणी म्हणत नाही ना, तसंच हे. फक्त बेदाण्याचा रंग निवडायच्या आधीच ठरलेला असतो, आणि जोडीतल्या फोटॉनचं सगळं आधीच आपापल्या जागी ठरलेलं असतं असं धरलं तर भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या 1964 च्या प्रमेयाशी गाठ पडते, ते सांगतं की एवढं धरून, आणि लांबच्या कणाचा लगेच परिणाम होत नाही असं मानून, क्वांटमचे आकडे मिळत नाहीत. तिथं हा दाखला थांबतो.

म्हणजे या प्रयोगातून काल कुणाला निरोप पाठवता येत नाही, कारण गट पाडायला जोडीदाराची नोंद हातात यावीच लागते आणि ती नंतरच येते.

पण म्हणून रेट्रोकॉझॅलिटी फालतू ठरत नाही, हे माझं ठाम मत आहे. बेल यांच्या प्रमेयात एक गृहीत असं आहे की कणाची आतली अवस्था पुढं होणाऱ्या मोजणीवर अवलंबून नसते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कोस्ता द बोरगार यांनी 1950 च्या दशकातच भविष्याकडून येणाऱ्या परिणामाचा विचार मांडला होता, पुढं तत्त्वज्ञ ह्यू प्राइस म्हणाले की हे गृहीतच सोडून बघा, मग लांबच्या दोन कणांत प्रकाशापेक्षा वेगानं काही जायची गरज राहत नाही. जॉन क्रेमर यांची 1986 ची ट्रान्झॅक्शनल मांडणी, ज्यात पुढं जाणारी आणि काळात मागं येणारी अशा दोन लाटांची देवाणघेवाण धरतात, याच अंगानं जाते. या मांडण्या नेहमीच्या क्वांटमचेच आकडे देतात, त्यामुळं नुसत्या प्रयोगावरून निवाडा होत नाही.