चामडं पाण्याला भीत नाही

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याला नौपाड्यात आमच्या गल्लीत पाणी तुंबलं आणि शेजारच्या काकूंची कोल्हापुरी त्यात पूर्ण बुडाली. "गेली कामातून," असं म्हणत त्या ती कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या, मी मागून घेतली. त्याच वेळी माझ्या गॅलरीत बादलीभर पाण्यात चामड्याचे दोन तुकडे मी हौसेने बुडवून ठेवले होते आणि त्यांतून बारीक बुडबुडे वर येत होते. काकू आधी बादलीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. हा लेख त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

गेली तीन वर्षं मी स्वतःचे बूट स्वतः शिवायला शिकते आहे. चामडं धारावीतून आणते. चामडं कापायची रापी कशी धरायची, आरीने भोक तिरपं का पाडायचं, हे स्टेशनजवळ बसणाऱ्या एका काकांनी दाखवलं. चामडं कसं भिजवायचं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पिऊ द्या त्याला पोटभर, ताई. बुडबुडे थांबल्याशिवाय हात लावू नका." पाण्याशिवाय बूट घडतच नाही, आणि का घडत नाही हे कळल्यापासून मला चामड्याकडे नुसतं बघायलाही आवडतं.

मराठीत कातडं 'कमावतात'. जनावराच्या अंगावरून उतरलेलं कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं, सुकलं तर पत्र्यासारखं ताठ होतं. हलगीचं कातडं न कमावलेलंच असतं. म्हणून दमट हवेत हलगी सैल पडते आणि वाजवणारे ती जाळावर शेकून घेतात. तेच कातडं पाण्यात उकळत ठेवलं तर त्याचा सरस होतो, सुतार लाकूड चिकटवायला वापरतात तो. सडणार नाही, ताठरणार नाही आणि सरसही होणार नाही अशा अवस्थेला कातडं आणणं म्हणजे कमावणं. ही विद्या ढोर आणि चर्मकार समाजांनी पिढ्यान् पिढ्या हातांत सांभाळली आणि गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं. त्यांच्या हातांना जे ठाऊक होतं, त्याची रेणूंच्या भाषेतली उकल विसाव्या शतकात झाली, आणि त्यातला एक मोठा टप्पा आपल्या देशात घडला.

कातडं मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचं असतं. आपली त्वचा, हाडं, स्नायुबंध यांतही तेच. त्याचा रेणू कसा दिसतो हे कोडं मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये सोडवायला घेतलं. कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधावर क्ष-किरण टाकून मिळालेल्या चित्रांवरून त्यांनी मांडलं की कोलॅजेन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ आहे. काथ्याचा तीनपेडी दोर डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पेडात सुमारे १००० अमिनो आम्लं ओवलेली, आणि त्यांत दर तिसरं ग्लायसीन. ते का? पिळाच्या मध्यभागी जागाच इतकी कमी असते की सगळ्यांत लहान अमिनो आम्लच तिथे मावतं. एखाद्या ठिकाणी ग्लायसीनऐवजी दुसरं काही आलं तर पीळ नीट बसत नाही. माणसात अशा एका बदलाने हाडं ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार होऊ शकतो.

हा दोर सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो. असे असंख्य दोर शेजारी शेजारी लागून तंतू होतात, तंतूंच्या जुड्या होतात, आणि त्या जुड्या कातड्यात सगळ्या दिशांना एकमेकींत गुंतलेल्या असतात. विणलेल्या कापडासारखे उभे-आडवे धागे इथे नसतात, म्हणून चामडं कापलं तरी कडेने उसवत नाही. पाठीकडच्या भागात ही गुंतण घट्ट, पोटाकडे सैल. तळासाठी पाठीचा तुकडा मागायचा तो त्यासाठीच.

आता हिरडा. त्याचा बारीक तुकडा जिभेवर ठेवा. तोंड आवळून येतं, जीभ खरखरीत होते. हिरड्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रोलिनबहुल प्रथिनांना पकडून त्यांचा साका करतात आणि जिभेवरचं वंगण जातं. तुरट ही चव आपण षड्रसांत मोजतो. जिभेवर ती आपल्याला जाणवते ती बरीचशी अशी, स्पर्शातून. कोलॅजेनमध्येही प्रोलिन भरपूर असतं. कोल्हापुरीसाठी कातडं कमावण्याच्या जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवतात आणि बाभळीची साल व हिरडा यांचं पाणी भरून ती टांगून ठेवतात. ते पाणी कातड्यातून झिरपत राहतं. टॅनिनच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गटांची, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांची, दाटी असते. हे गट कोलॅजेनच्या साखळीला ठिकठिकाणी हायड्रोजन बंधांनी धरतात आणि दोन तंतूंच्या मधली जागा भरून काढतात. कच्चं कातडं सुकताना मधलं पाणी गेलं की तंतू थेट एकमेकांना चिकटतात, त्यामुळे ते ताठ होतं. कमावलेल्या चामड्यात पाणी गेलं तरी टॅनिन मध्ये उभं असतं, तंतू सुटे राहतात, चामडं वाकतं. जिवाणूंच्या विकरांनाही त्यात सहज शिरकाव मिळत नाही.

तरी सगळेच बंध टॅनिनचे नसतात. तंतूंमध्ये आपसांतले कमजोर हायड्रोजन बंधही उरतात आणि सुक्या चामड्याला त्याचा आकार धरून ठेवायला ते मदत करतात. चामडं भिजवलं की पाण्याचे रेणू या बंधांत घुसतात आणि ते सोडवतात. तंतू एकमेकांवरून सरकायला मोकळे होतात. अशा वेळी चामडं फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून बसवायचं, पकडीने कडा खेचायच्या, खिळ्यांनी तात्पुरत्या अडकवायच्या. मग पाणी हळूहळू निघून जातं आणि तंतू जिथे सरकले तिथेच नवे बंध जुळतात. फर्मा काढला तरी पायाचा आकार राहतो. रात्री ओल्या केसांची वेणी घालून सकाळी सोडली की केसांना लाटा पडतात, सुती कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री केली की घडी बसते. केसांत केराटिन आहे, कापसात सेल्युलोज आहे, आणि तिन्ही ठिकाणी पाणी तेच काम करतं.

इथे एक बारकावा आहे. ठिबकणाऱ्या चामड्याला आकार नीट धरत नाही. बुडबुडे थांबले की तुकडा बाहेर काढून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर गुंडाळून ठेवायचा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी पसरते. पृष्ठभागाचा रंग सुक्या रंगाकडे परतायला लागला, पण गालाला लावल्यावर गार लागतो, तो क्षण कामाचा. नव्या कोल्हापुरीत काही दिवसांनी आपल्या अंगठ्याचा खळगा उमटतो तोही असाच. तिथे पाणी घामाचं असतं आणि फर्मा आपला पाय.

मग चामडं बिघडतं कशाने? ओलं असताना बसलेल्या उष्णतेने. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये दहा दिवस काही सुकत नव्हतं, म्हणून मी फर्म्यावरचा ओला बूट गॅसच्या शेगडीजवळ धरला. मिनिटभरात पुढचा भाग आक्रसला आणि बटणासारखा कडक झाला. दोन आठवड्यांचं काम गेलं आणि मला खूप वाईट वाटलं. कोलॅजेनचा तीनपेडी पीळ पाण्यात ठरावीक तापमानाला उकलतो. कच्च्या कातड्यात ते साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियस असतं, साल-हिरड्याने कमावलेल्यात ७० ते ८५. पेड सुटले की प्रत्येक साखळी गुंडाळून आखूड होते आणि चामडं आवळतं. बकऱ्याचा पाया शिजवून त्याचा रस्सा गार केला की थिजतो, तिथेही हेच उकललेलं कोलॅजेन असतं, जिलेटिन. तो पीळ चामड्यात पुन्हा बसत नाही. सुक्या चामड्यात पेडांना हलायला पाणीच नसतं, म्हणून ते शंभर अंशांच्या बरंच वर टिकतं. भिजलेला बूट उन्हात तापलेल्या पत्र्यावर, शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरखाली ठेवू नका, इतकाच याचा अर्थ.

बाजारातलं बहुतेक चामडं मात्र क्रोमियमने कमावलेलं असतं. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये ही पद्धत पेटंट केली. सध्याच्या पद्धतीत कातडं आधी मीठ आणि आम्लात ठेवून सामू (पीएच) ३ च्या खाली आणतात. त्यामुळे कोलॅजेनवरचे कार्बोक्सिल हे आम्लधर्मी गट प्रभाररहित होतात आणि त्रिसंयुजी क्रोमियमचे क्षार न अडकता आतपर्यंत पोचतात. मग सामू ४ च्या आसपास चढवला की कार्बोक्सिल गट ऋणप्रभारित होतात आणि क्रोमियमशी थेट सहसंयोजी जोड करतात, तर क्रोमियमचे अणू हायड्रॉक्सिल पुलांनी एकमेकांना जोडले जातात. हे चामडं उकळत्या पाण्यातही सहसा आवळत नाही, पण ओलं करून दिलेला आकार तितका धरत नाही. म्हणून अशा बुटात टाचेला आणि पुढे आतून कडक पट्टी घालावी लागते.

'केमिकल-फ्री चामडं' असं लिहिलेल्या वस्तू दिसतात. टॅनिन हे रसायनच आहे, त्यामुळे त्या पाटीला अर्थ नाही. 'व्हेगन लेदर' म्हणून मिळतं ते बहुधा पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड असतं. ठाण्याच्या दमट हवेत पाणी त्या थराच्या साखळ्या तोडतं आणि पर्सची सालपटं निघतात. पाण्याला खरं भ्यायचं ते त्याने.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. फलाटावर एका मुलाला फीट आली आणि दोघांनी चामड्याची चप्पल त्याच्या नाकाला लावली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चामड्याच्या वासात मेंदूतले विद्युत आवेग थांबवणारं काही नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला मिळतं. रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काही घालू नका, वेळ बघा. पाच मिनिटांहून जास्त चाललं तर ताबडतोब दवाखाना.

काकूंची कोल्हापुरी मी स्वच्छ पाण्यात धुतली, आकार हाताने सारखा केला, सावलीत पंख्याखाली ठेवली आणि किंचित ओल असतानाच तेलाचा हात फिरवला. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, शिवणही चामड्याच्या वादीची, त्यामुळे सगळं एकत्रच भिजतं आणि एकत्रच सुकतं. सातव्या दिवशी काकू ती घालून मंडईत गेल्या.

बादलीतले तुकडे आता फर्म्यावर आहेत. फर्म्यासकट रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते आणि फर्म्याचं वजन वजा करते. जानेवारीत आणले तेव्हा ते १४८ ग्रॅम होते, भिजल्यावर २५१ झाले. १४८ वर ते जुलैत परतणार नाहीत, कारण चामडं हवेतल्या ओलाव्याशी तोल साधूनच थांबतं. सलग दोन दिवस आकडा तोच आला की फर्मा काढायचा. काल १६२ होता, आज १५९.